प्रत्यक्षदर्शी नाही

तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत. माझा आरोप एवढाच आहे, आणि तो मी कुणाच्या आडून नाही, थेट तुमच्यावर करतोय. मेंदूचा आलेख काढायला तुमच्या इस्पितळात रोज माणसं येतात. त्यातली किती डोक्याला तेल चोपडून येतात, किती उपाशी येतात, किती रात्रभर घोरून ताजीतवानी येतात, हे तिथे लादी पुसणाऱ्या बाईलासुद्धा पाठ आहे. तुम्ही तर अधीक्षकाच्या मोठ्या खुर्चीत बसता. तरी तुमच्या चिठ्ठीवर छापलंय काय? तारीख, वेळ, खोली क्रमांक अकरा, आणि तळाशी 'सोबत जवळची व्यक्ती आणावी'. कशाला आणावी, हे नाही. बाकी काय करावं, काय करू नये, तेही नाही. कोऱ्या जागेत माझा तळहात मावतो. ठेवून पाहिलाय.

मी घड्याळं दुरुस्त करतो, एक्केचाळीस वर्षं. दुकान म्हणजे पुढे एक टेबल, त्यावर काच, मागे पडदा आणि पडद्यामागे खाट. बायको गेल्यापासून घर तेच. मुलगा बोटीवर कामाला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. सून कापडाच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला. म्हणून नात शाळा सुटली की माझ्याकडे असायची. ती सहा वर्षांची आहे. मी तिला सेकंद म्हणतो, कारण घरात सगळ्यांत बारीक तीच आणि सगळ्यांत जास्त पळणारीही तीच. अडीच वाजता शाळेच्या फाटकातून तिला आणायचं, जेवायला वाढायचं, मग ती समोरच्या स्टुलावर बसून जुने काटे लांबीप्रमाणे वेगळे करणार, आणि मधेच विचारणार, "आबा, हे घड्याळ बरं झाल्यावर ह्याला कोण न्यायला येणार?" रात्री नऊला सून न्यायला यायची. माझ्या दिवसात जीव होता तो अडीच ते नऊ. बाकीचा नुसता वेळ.

एका मंगळवारी दुपारी माझ्या चिमट्यात स्प्रिंग होती. त्यानंतर मी जमिनीवर होतो, तोंडात रक्ताची चव होती आणि सेकंद माझ्या डोक्याशी मांडी घालून बसली होती. मधली मिनिटं माझ्याकडे नाहीत. घड्याळवाल्याचीच मिनिटं हरवली, हसायचं तर हसून घ्या. शेजारी किल्ल्या बनवणारा बसतो, तो त्या वेळी घरी जेवायला गेलेला. तो परत आला तेव्हा मी भिंतीला टेकून पाणी पीत होतो.

सून दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून आली. तिने पोरीला बाहेर किल्लीवाल्याकडे बसवलं.

"बाबा, मी तुमच्यावर रागावलेले नाही."

"मग तोंड असं का?"

"तुम्ही तिला रस्ता ओलांडून आणता. तिचा हात तुमच्या हातात असतो. तिथेच पडलात तर?"

 तिचं चुकतंय असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

"डॉक्टर लिहून देऊ देत, काळजीचं कारण नाही म्हणून. मग पुन्हा पहिल्यासारखं. तोवर पाळणाघर."

"किती दिवस?"

"ते मला काय विचारता? डॉक्टरांना विचारा."

म्हणून मी तुमच्या दारात आलो. हौस म्हणून नाही.

तुमच्या तरुण डॉक्टरांनी मला तपासलं, केसपेपरवर तीन ओळी खरडल्या आणि चिठ्ठी दिली. किल्लीवाल्याने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली. तो आणि मी तीस वर्षं एकमेकांना शिव्या देत एका पत्र्याच्या दोन बाजूंना बसतो.

"डोक्याची तपासणी आहे ना घड्याळ्या? मग डोकं थंड पाहिजे. तेल जिरव चांगलं."

"आणि खायचं का?"

"कुठल्या तपासणीला खाऊन जातात? उपाशीच जायचं."

"झोप?"

"ढाराढूर. थकलेला मेंदू दाखवशील तर थकलेलाच येणार कागदावर."

आम्हा दोघांची अक्कल ही अशी. पण ती भरायला जागा तुम्ही मोकळी ठेवली होती.

खोली अकरामध्ये तपासणी करणाऱ्या ताईंनी माझ्या केसांतून एक बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं.

"काका, हे काय?"

"तेल."

"दिसतंय. किती?"

"वाटीभर नसेल."

"यावर माझ्या तारा चिकटतील? घसरगुंडी झाल्ये नुसती. झोपलात किती?"

"आठ तास. तुमच्यासाठी खास."

त्यांनी केसपेपर उघडून एका ओळीवर नख ठेवलं. डॉक्टरांच्या अक्षरात तिथे लिहिलेलं होतं की पेशंटने कमी झोपून यावं. मेंदू दमलेला असला, आणि तपासणीत मधेच झोप लागली, तर लपलेला दोष वर यायची शक्यता जास्त असते. ते अक्षर मला मुंग्यांची रांग वाटलं होतं. ताई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, रोज तिघांना तरी परत पाठवावं लागतं. मी म्हटलं, मग छापून का देत नाही? त्या म्हणाल्या, "वर तीनदा लिहून दिलंय काका." वर म्हणजे तुम्ही.

पुढची तारीख सात आठवड्यांनी. ताईंनी जुन्या कॅलेंडरचा तुकडा फाडून त्याच्या पाठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. आदल्या दिवशी केस शांपूने धुवा, नंतर काहीही लावू नका. रात्री चारच तास झोपा. चहा-कॉफी नको. एकटे येऊ नका, झोपेच्या तारेत गाडीखाली याल. एवढं लिहून झालं आणि फोन वाजला, त्या उठल्या, आणि खाण्याचं आणि गोळ्यांचं राहून गेलं. तरी तुमच्या छापखान्याने इतक्या वर्षांत केलं नाही ते त्या बाईने अर्ध्या मिनिटात केलं.

सात आठवडे म्हणजे पस्तीस दुपारी. अडीच वाजले की माझी मान आपोआप वर जायची. घड्याळांत राहणाऱ्या माणसाला वाजलेले कळत नाहीत असं होत नाही. पानं दोघांची घ्यायची सवय जाता जाईना, तर मी ताटात जेवणंच सोडलं, पातेल्यातून खाऊ लागलो. एकदा न राहवून शाळेवर गेलो. फाटकासमोर नाही, पलीकडच्या फुटपाथवर. पाळणाघराची बाई सात-आठ पोरांना एका दोरीला धरून नेत होती. सेकंद तिसरी. तिने मला पाहिलं. हात वर केला, आणि तो पुरता वर जायच्या आत त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, चालेल का म्हणून. मला हात करायला माझी नात परवानगी घेत होती. मी घरी आलो आणि त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

तपासणीच्या आदल्या रात्री चार तासच झोपायचं होतं. मला वाटलं, चार झोपलो तर आठ होतील, उठवणारं कोण आहे? म्हणून झोपलोच नाही. अख्खी रात्र जागं राहायचं तर बोलायला कोणी लागतं. दोन वाजता किल्लीवाल्याला फोन लावला.

"जागा आहेस का?" तो म्हणाला.

"आहे."

"मग मला कशाला उठवलंस?"

आणि अर्धा तास बोलत राहिला, काहीबाही. मधे एकदा तो गप्प झाला तेव्हा मला त्याच्या बायकोचं घोरणं ऐकू आलं. ते ऐकताना बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

सकाळी तो माझ्याबरोबर आला. नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस फॉर्म भरत होता.

"सोबत कोण?"

"हा."

"नातं?"

"शेजारी."

"शेजारी चालत नाही. जवळची व्यक्ती लागते."

"आमच्यामध्ये एक पत्रा आहे साहेब," किल्लीवाला म्हणाला, "तोही गंजलेला. याच्याहून जवळ आणखी कोण यायचं?"

खिडकीवाल्याने 'भाऊ' लिहिलं. हा एक खोटेपणा तुमच्या दप्तरात आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खोली अकरामध्ये पलंगावर बसलो.

"काका, खाल्लंय ना?" ताईंनी विचारलं.

"काल रात्रीपासून काही नाही. रक्तदाबाची गोळीही नाही घेतली. तपासणी आहे ना."

ताईंनी कपाळाला हात लावला. उपाशी पोटी रक्तातली साखर उतरते आणि आलेख बिघडतो, म्हणून या तपासणीला खाऊन यायचं असतं. रोजची गोळी डॉक्टरने सांगितल्याशिवाय बंद करायची नसते. हे मला तेव्हा कळलं. त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी मला दिली आणि किल्लीवाल्याला गोळी आणायला पिटाळलं. म्हणाल्या, "खा आणि अर्धा तास बसा. तुम्हाला परत पाठवलं तर आणखी सात आठवडे." त्यांनी नियम मोडला असेल तर कारवाई त्यांच्यावर करू नका. ती पोळी तुमच्या वतीने दिलेली होती असं समजा.

मग त्यांनी मापाची पट्टी घेतली आणि माझं डोकं मोजलं. नाकाच्या मुळापासून मानेच्या खळगीपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, जागोजाग पेन्सिलीच्या खुणा. केस बाजूला करायच्या, कापसाने त्वचा पुसायच्या, चिकट लेप लावून त्यावर इवलीशी वाटी बसवायच्या. अशा एकवीस. बायको गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या डोक्याला न्हाव्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मी डोळे मिटले. सात आठवडे ज्याची धास्ती घेतली होती ते हे.

"शॉक बसतो का हो?"

"काही बसत नाही. यातून काही आत जात नाही काका. तुमच्याकडून जे येतं ते फक्त लिहून घ्यायचं."

"विचार दिसतात यात?"

"दिसले असते तर मी पहिलं नवऱ्याला बसवलं असतं."

मी हसलो. त्या म्हणाल्या, आता हसून घ्या, नंतर हलायचं नाही.

डोळे उघडा, डोळे मिटा. तीन मिनिटं जोरजोरात श्वास, फुगा फुगवल्यासारखे. बोटांना मुंग्या आल्या, त्या येतातच. मग मिटलेल्या डोळ्यांवर लुकलुकणारा दिवा, आधी हळू, मग वेगाने. मग म्हणाल्या, आता पडून राहा, झोप आली तर येऊ द्या. आणि घोळ इथे झाला.

"काका, कपाळ सैल सोडा."

"सैलच आहे."

"नाही. उजवी भुवई. मला इथे आलेखात नुसतं गवत दिसतंय, स्नायू आवळल्याचं."

मी सोडली. मला वाटलं, सोडली. दोन मिनिटांनी पुन्हा, "काका, भुवई." मग दात आवळलेत का बघा. मग जीभ सैल. मग पुन्हा भुवई. मी शपथेवर सांगितलं असतं की माझं कपाळ लोण्यासारखं मऊ आहे. चाळीस मिनिटं संपल्यावर त्यांनी वाट्या काढता काढता विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"घड्याळं दुरुस्त करतो."

त्यांचा हात थांबला. "भिंग डोळ्याला लावता? कसं धरता?"

मी दाखवलं. उजव्या डोळ्याच्या खोबणीत भिंग, वरून भुवई दाबायची, खालून गाल. दोन्ही हात मोकळे पाहिजेत ना. मला एक्केचाळीस वर्षं कुणी 'हलू नको' म्हटलं, किंवा मी स्वतःला म्हटलं, की माझी उजवी भुवई भिंग पकडते. भिंग असो वा नसो. शिंप्याचं न हलणं वेगळं, माझं वेगळं. तुम्ही मला स्थिर राहायला सांगितलंत आणि मी कामाला बसलो.

"हे आधी विचारायला हवं होतं मी," ताई म्हणाल्या. "उजव्या पुढच्या तारांचं काही वाचता येईल असं वाटत नाही मला. झोपही लागली नाही तुम्हाला."

"रात्रभर जागा होतो."

"चार तास सांगितले होते. फार जागलं की माणूस ताठरतो काका."

किल्लीवाला घरापर्यंत आला आणि त्याच्या गिऱ्हाइकांकडे गेला. लेप कोमट पाण्याने निघतो. पुढचा निघाला. डोक्यामागचा मला दिसेना, कंगवा पोचेना. दोन दिवस तसाच फिरलो, मग न्हाव्याकडे गेलो. त्याने विचारलं, काय लागलंय हे? मी म्हटलं, खळ.

तीन आठवड्यांनी तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. ते सज्जन आहेत. सरळ बोलले. आलेखात अडथळा फार आहे, नक्की सांगता येत नाही.

"मग पुन्हा काढायचा?"

"काढू. पण एक ध्यानात ठेवा. आलेख स्वच्छ आला म्हणून झटका नव्हताच असं होत नाही. फिट येणाऱ्यांतही पुष्कळांचा एका वेळी स्वच्छ येतो. आणि साधी चक्करही असू शकते. खरी गोष्ट त्या दोन मिनिटांत आहे. तुम्ही पडलात तेव्हा हातपाय झटकत होते का, की नुसते सैल पडलात? डोळे उघडे होते? चेहरा पांढरा पडला की निळा? भान किती वेळाने आलं? हे सांगणारा माणूस आणा. त्यासाठीच चिठ्ठीवर लिहितो ना आम्ही, जवळची व्यक्ती म्हणून."

मला वाटलं होतं, ती व्यक्ती कोपर धरायला लागते.

"पाहणारं एकच माणूस आहे डॉक्टरसाहेब. माझी नात."

"वय?"

"सहा."

"मोठं कोणी?"

"नाही."

त्यांच्या दाराबाहेर माणसं उभी होती, मला दिसत होती. त्यांनी केसपेपर ओढला आणि लिहिलं. मी उलटं वाचलं. उलटी घड्याळं वाचायची मला सवय आहे. प्रत्यक्षदर्शी नाही. पुढे, आलेख पुन्हा, नऊ आठवड्यांनी.

त्या रविवारी मी सुनेकडे गेलो. सेकंद खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे होती. सुनेने मला खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली.

"तिने काही सांगितलं का तुला? त्या दुपारचं?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"नाही विचारलं, आणि विचारणारही नाही. बाबा, दोन महिने ती माझा पदर धरून झोपली. रात्री उठून माझ्या नाकाखाली बोट धरायची, श्वास चालू आहे का बघायला. आता कुठे जरा एकटी झोपते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ती सांगेल तेवढ्यावर माझं सगळं अडलंय पोरी."

"मला कळतंय."

"मग आण तिला एकदा. किंवा मी विचारतो. हळूच."

"तुम्ही नाही. तुम्ही विचारलंत तर तुम्हाला बरं वाटेल तेच सांगेल ती. ओळखत नाही का तुम्ही तिला?" मग ती बसली. म्हणाली, "डॉक्टरांनी लेखी मागितलं, की मुलीशी आम्हाला बोलायचंय, आम्ही नीट बोलू, तर मी रजा टाकून आणेन. तुमच्या सांगण्यावरून नाही आणणार. मला तुम्ही दोघं पाहिजे आहात बाबा, पण मी एकटी आहे इथे."

जिन्यात सेकंद भेटली. पुढचा एक दात पडलेला. तो माझ्या टेबलावर पडायचा होता.

"आबा, तू बरा झालास?"

"होतोय."

"मग तुला कोण न्यायला येणार?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरलो.

मी तुमच्या खिडकीवर गेलो, सुनेच्या नावाने एका ओळीचं पत्र द्या म्हटलं. खिडकीवाला म्हणाला, असा फॉर्म नसतो. खोली अकरात गेलो, ताई म्हणाल्या, माझ्या सहीला किंमत नाही. मोठे डॉक्टर भेटायची वेळ चार आठवड्यांनंतरची. म्हणून हे सगळं तुम्हाला लिहितोय. चिठ्ठीवर तेल, झोप, खाणं, गोळ्या आणि पेशंटचा धंदा यांच्या पाच ओळी कधी छापता ते तुम्ही बघा. माझ्यामागून येणाऱ्यांसाठी त्या मागतोय, मला आता त्या पाठ आहेत.

माझ्यासाठी एकच मागणी आहे. तुमच्या कागदावर लिहिलंय, पाहणारं कोणी नव्हतं. होतं. साडेतीन फूट उंचीचं होतं, माझ्या डोक्याशी बसलेलं होतं, आणि त्याला आज चार महिने झाले तरी कुणीही एक शब्द विचारलेला नाही. तुम्ही नाही, तिच्या आईने नाही, मीही नाही. ते मूल रोज थोडं थोडं विसरतंय, आणि जे विसरत नाही ते एकटंच सांभाळतंय. तुम्ही तिच्याशी बोलणार आहात की नाही? होय असेल तर सुनेच्या नावाने पत्र आणि दिवस कळवा. नाही असेल तर तेही लेखी द्या, सहीनिशी, कारणासकट. मला उत्तर पाहिजे.